देवराई ते दवाखाना: महासाथीनंतर एक सिनेमा पुन्हा बघताना



पत्रिकेवर विषय 'महासाथ आणि मनोरुग्ण' असा छापला आहे, आणि बोलायला उभा राहिलाय सिनेमावर लिहिणारा माणूस. तेव्हा आधी खुलासा करतो. मी डॉक्टर नाही, औषधाचा सल्ला माझ्याकडून कुणी घेऊ नये. पण मराठी माणसाला 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दवाखान्यात कमी आणि पडद्यावर जास्त भेटला, असं माझं मत आहे. ज्या सिनेमानं तो आपल्या घरात आणला त्याचं नाव 'देवराई'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ सालचा. त्या सिनेमानं आपल्याला काय बघायला शिकवलं आणि काय बघायचं राहून गेलं, हे २०२०नंतर पुन्हा तपासायला हवं. समीक्षकाचं काम तेवढंच असतं आणि आज मी तेवढंच करणार आहे.

हे घोडेगावात बोलायला मिळतंय याचा एक फायदा आहे. पुण्या-मुंबईच्या सभागृहात 'देवराई' म्हटलं की लोकांना अतुल कुलकर्णी आठवतो. इथे आहुपे आठवतं. डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेनं पश्चिमेला जात राहिलं की सह्याद्रीच्या कड्याशी आहुपे, आणि तिथली राखलेली राई. भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं १९८५ साली. देवाच्या नावानं राईला कुऱ्हाड न लावण्याचा रिवाज त्याच्या कितीतरी आधीचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या लोकांना त्याचं मोल कळायला लागलं. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. म्हणून या सिनेमाबद्दल जे प्रश्न शहरात विचारले जात नाहीत, ते इथे विचारता येतील असं मला वाटतं.

आधी सिनेमाचं जे देणं आहे ते मान्य करतो. नायक शेष, कोकणातला. हुशार, हळवा, आणि हळूहळू आपल्या माणसांच्या हातून निसटत जाणारा. गावच्या देवराईत त्याचा जीव गुंतलेला आहे. तीच त्याचा आसरा आहे आणि त्याच्या भ्रमाचा विषयही तीच आहे. बहीण सीना त्याला शहरात आपल्या घरी आणते, उपचार सुरू होतात. सोनाली कुलकर्णी यांनी केलेली ही सीना मला या सिनेमातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्तिरेखा वाटते. आपल्याकडे वेडाचं चित्रण म्हणजे एकतर विनोद किंवा भीती, असा प्रकार होता. इथे पहिल्यांदा कॅमेरा आजारी माणसाइतकाच त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे वळला. तिची दमणूक, चिडचिड, तिच्या संसारावर येणारा ताण, आणि एवढं होऊनही न सुटणारी माया. सिनेमाच्या पाठीशी डॉ. जगन्नाथ वाणी होते, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे. त्यामुळे आजाराची माहिती चुकीची जाणार नाही, याची काळजी जागोजागी दिसते. आणखी एक गोष्ट. झाडांमध्ये नेऊन बसवलं की माणूस बरा होतो, असली भाबडी समजूत हा सिनेमा पसरवत नाही. गोळी लागते, डॉक्टर लागतो, घर लागतं, हे तो स्पष्ट सांगतो.

मग राहिलं काय? राहिला तो रस्ता.

सिनेमात शेष गावाहून शहरात येतो. तो येतो, कारण शहरात त्याची बहीण आहे, तिचं घर आहे, त्या घराच्या आवाक्यात मनोविकारतज्ज्ञ आहे. देवराई ते दवाखाना हे अंतर कथेत येतं ते मनाचं अंतर म्हणून. शेष उपचाराला तयार होईल का, बहिणीला झेपेल का, मेहुणा समजून घेईल का, हे सिनेमाचे प्रश्न. गाडी मिळेल का, हा प्रश्न त्यात नाही. मी हा सिनेमा अनेकदा बघितला, त्यावर लिहिलं, आणि मला ही गोष्ट कधी खटकली नाही. कारण मी ज्या खुर्चीत बसून बघत होतो, तिथून दवाखाना रिक्षाच्या अंतरावर होता.

२४ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. एसटी थांबली. भीमाशंकरहून पुणं शंभर किलोमीटरच्या वर आहे, हे आकडे नकाशावर तेच राहिले; प्रत्यक्षात पुणं दुसऱ्या देशात गेलं. एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कितीतरी गावांनी काटेरी फांद्या, दगड टाकून आपल्या वेशी बंद केल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. आता या चित्रात शेषला ठेवून बघा. हा शेष आहुप्याचा किंवा भीमाशंकरच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतला. महिन्याच्या गोळ्या संपत आल्यात. चिठ्ठी जुनी आहे. बहीण असलीच तर चाकणला भाड्याच्या खोलीत, आणि तिचीही कंपनी बंद.

गोळी चुकली म्हणजे नेमकं काय होतं, हे थोडं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, आठवडाभर नाही घेतली तर काय बिघडतं? ताप असेल तर औषध बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी कळतं. इथे तसं नसतं. गोळी बंद झाली की पहिले काही दिवस उलट बरं वाटतं; सुस्ती जाते, तोंड कोरडं पडायचं थांबतं. घरच्यांनाही वाटतं, चला, सुटलो. मग झोप कमी होते. मग संशय. मग आवाज परत येतात. तोवर काही आठवडे गेलेले असतात आणि माणूस 'मला काही झालेलं नाही' म्हणायला लागलेला असतो, म्हणजे आता गोळी मिळाली तरी तो घेईल याची खात्री नाही. काही औषधांची गोष्ट आणखी नाजूक. क्लोझापिन चालू असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरावीक काळानं मोजाव्या लागतात. लिथियम चालू असेल तर रक्तातलं त्याचं प्रमाण बघावं लागतं. ताप, जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तेच औषध अंगावर उलटू शकतं. म्हणजे या लोकांना गोळीबरोबर लॅबही लागते. आणि २०२०च्या उन्हाळ्यात लॅब म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच तपासणी होती.

त्यात साथीनं आजाराला नवी भाषा दिली. ज्याला आधीपासून वाटतंय की लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत, त्याला आता खरोखरच तोंड झाकलेली माणसं दारात येऊन नाव विचारत होती, हातावर शिक्का मारत होती. ज्याला हात धुण्याचा मंत्रचळ आहे, त्याला फोन लावला की आधी 'हात धुवा' ऐकू यायचं. आपण म्हणतो, मनोरुग्णाचं जगाशी नातं तुटलेलं असतं. त्या वर्षी जगच त्याच्या भ्रमासारखं बोलायला लागलं होतं.

आता मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो, आणि ती सिनेमापेक्षा आपल्या बोलण्याबद्दल आहे. आठवून बघा, त्या दोन वर्षांत 'मानसिक आरोग्य' हा शब्द आपण जेवढा ऐकला तेवढा आधी कधी ऐकला नव्हता. वेबिनार, लेख, पुरवण्या, व्हिडिओ. घरात बसून येणारा कंटाळा, मुलांचा स्क्रीन टाइम, वर्क फ्रॉम होमचा ताण, सकारात्मक कसं राहावं. हे सगळं खरं होतं, त्याची थट्टा मी करत नाही. पण या चर्चेत बोलणारा आणि ऐकणारा एकच होता: ज्याच्याकडे इंटरनेट आहे, घर आहे आणि आजवर बऱ्यापैकी ठीक असलेलं मन आहे असा माणूस. 'सगळ्यांचंच मानसिक आरोग्य धोक्यात आहे' हे वाक्य ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना आधीपासून निदान झालेला, औषधावर चाललेला आजार होता, ते त्या 'सगळ्यां'मध्ये विरघळून गेले. त्यांना सकारात्मक विचार नको होते. त्यांना ओलान्झापिन हवं होतं.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२०मध्ये १३० देशांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या अत्यावश्यक सेवा विस्कळीत झाल्या होत्या किंवा थांबल्या होत्या. त्याच पाहणीत ८९ टक्के देशांनी सांगितलं की, आमच्या कोविड योजनेत मानसिक आरोग्याचा समावेश आहे. त्यासाठी पूर्ण जादा निधी मात्र १७ टक्के देशांकडेच होता. म्हणजे विषयाचा गाजावाजा झाला आणि सेवा बंद पडली, एकाच वेळी. आणि या रुग्णांना धोका कमी होता का? न्यूयॉर्कमधल्या रुग्णांचा एक अभ्यास २०२१च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांमध्ये कोविडनं मृत्यू होण्याची शक्यता अडीच पटींहून जास्त आढळली.

जे बाहेर होते त्यांची ही गत. जे आत होते त्यांचं काय? फेब्रुवारी २०२०मध्ये दक्षिण कोरियातल्या चेओंगदो इथल्या रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात साथ शिरली आणि वॉर्डातले जवळजवळ सगळे रुग्ण बाधित झाले. त्या देशातला पहिला कोविडमृत्यू याच वॉर्डातल्या रुग्णाचा होता. बंद दारं, एकत्र झोपणं, वर्षानुवर्षं आत असलेली माणसं. हे वर्णन वाचताना आपल्याला आपलं येरवडा आठवायला हवं होतं. २५४० खाटांची मान्यता असलेलं मनोरुग्णालय पुणे जिल्ह्यातच आहे. आणि महाराष्ट्राची एक गोष्ट तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै २०२१मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की, मनोरुग्णालयातल्या माणसांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवणं थांबवा, हे कायद्याच्या विरुद्ध आहे. त्याच प्रकरणात, संस्थांमध्ये राहणाऱ्या या माणसांच्या लसीकरणाकडेही लक्ष द्यायला न्यायालयानं सांगितलं. बघा, कुठे पोचलो आपण. बऱ्या झालेल्या माणसाला न्यायला घरून कुणी येत नाही, म्हणून त्याच्या दारावरची पाटी बदलायची. सीना नसलेल्या शेषचा शेवट हा असा होता.

इथे मला याच दिग्दर्शकद्वयाचा दुसरा सिनेमा आठवतो, 'कासव'. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. त्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण आहे, आलोक राजवाडे यांनी केलेला. त्याला उचलून घरी नेते जानकी, जी त्याची कुणीच नाही. इरावती हर्षे यांची ही जानकी त्याला नाव-गाव विचारत नाही, उपदेश करत नाही, सोबत ठेवते. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले मोहन आगाशे त्यात कासवं जपणाऱ्या दत्ताभाऊंच्या भूमिकेत आहेत. मला नेहमी वाटतं की 'देवराई'च्या पुढचं पाऊल 'कासव'नं टाकलं. पहिला म्हणतो, रक्ताचं माणूस सांभाळेल. दुसरा म्हणतो, ते नसेल तर परकं माणूसही सांभाळू शकेल, नव्हे, त्यानं सांभाळायला हवं. फार मोठा विचार आहे हा. आणि महासाथीनं नेमका त्याच्यावरच घाव घातला. परक्या माणसाला हात लावू नका, घरात घेऊ नका, अंतर ठेवा. साथीच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णासाठी जानकी हा शेवटचा दरवाजा असतो, आणि तो त्या वर्षी बंद होता. मंदिरंही बंद होती. भीमाशंकरच्या पायरीवर बसून ज्याला दोन घास मिळायचे, त्याच्यापुढे ताट धरणारं कुणी तिथे उरलं नव्हतं. सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ला गेल्या, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. त्या काळावर त्यांनी सिनेमा केला असता तर कॅमेरा कुठे ठेवला असता, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

कुणी म्हणेल, अहो, सिनेमा म्हणजे काही आरोग्य खात्याचा अहवाल नाही. दोन तासांत त्यानं एसटीचं वेळापत्रकही दाखवायचं का? आक्षेप रास्त आहे. 'देवराई'नं जे केलं ते त्या काळात दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, आणि एका कुटुंबाची गोष्ट सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. माझा रोख आपल्यावर, प्रेक्षकांवर आणि समीक्षकांवर आहे. आपण त्या एका कुटुंबाला सगळी कुटुंबं समजलो. 'घरच्यांनी समजून घेतलं की निम्मा आजार बरा' हा धडा आपण त्यातून घेतला, कारण तो सोयीचा होता. त्यात सरकारला काही करावं लागत नाही, समाजाला काही करावं लागत नाही. सीनाला करावं लागतं. आणि आम्ही समीक्षकांनी देवराईचं रूपक केलं. मनाचं जंगल, आतला अंधार, न तुटलेली झाडं. मीही असली वाक्यं लिहिलीत. त्या नादात देवराईच्या शेजारी खरोखर माणसं राहतात, त्यांनाही हा आजार होतो, त्यांनाही दवाखान्यात जावं लागतं, हे विसरलो.

त्या माणसांचा २०२० कसा होता? या पट्ट्यात उन्हाळ्यात हिरडा गोळा होतो, त्यावर घराचे वरचे खर्च भागतात. टाळेबंदीत त्याची विक्री अडली, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हिरड्याची झाडं पडली. त्याच्या भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मागणी करत राहावं लागलं. हे मनोविकाराच्या व्याख्यानात का सांगतोय? कारण इथली सीना म्हणजे हिरडा वेचणारी आई आहे. भावाला किंवा मुलाला घेऊन मंचरला किंवा पुण्याला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं. ते पैसे त्या झाडावर होते.

कायदा काय म्हणतो, तेही बघू. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, अमलात आला २९ मे २०१८ला. त्याचं १८वं कलम फार चांगलं आहे. उपचारासाठी माणसाला लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या जागेजवळ मिळावी, असं त्यात लिहिलंय. 'देवराई'त जो प्रश्न आला नाही, तो कायद्यानं विचारला, हे मला कौतुकाचं वाटतं. पण त्याच कलमात आवश्यक औषधं मोफत देण्याची हमी सुरू होते ती सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ग्रामीण रुग्णालयापासून. प्राथमिक आरोग्य केंद्र त्या हमीच्या खाली राहतं. शहरात बसून वाचलं तर ही बारीक तांत्रिक बाब आहे. आहुप्यात बसून वाचलं तर सगळा डोंगर त्या एका ओळीत आहे.

मग फोनवरून उपचार? २५ मार्च २०२०ला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. चांगलं झालं. १० ऑक्टोबर २०२२ला टेलिमानस सुरू झालं, १४४१६ हा नंबर. तो लिहून ठेवा, उपयोगी आहे. पण घाटमाथ्यावर रेंजसाठी माणूस टेकाडावर जाऊन उभा राहतो. आपल्याला कुणी ऐकतंय या भीतीनं जो आधीच पछाडलाय, त्यानं उघड्या टेकाडावर उभं राहून मनातलं सांगायचं. आणि सांगितलं, डॉक्टरांनी चिठ्ठी पाठवली, तरी गोळी फोनमधून येत नाही. शेवटी कुणीतरी ती घेऊन चढावं लागतं.

आणि किती जणांसाठी चढावं लागतं, हे तरी आपल्याला ठाऊक आहे का? २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के लोक उपचाराबाहेर आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा शेष आपल्या मोजणीतच नाही.

साथ संपली, असं आपण म्हणतो. इथल्या लोकांना मी काय सांगणार, दर पावसाळ्यात दरड येते, रस्ता बंद होतो. ३० जुलै २०१४ला माळीण गेलं, ते याच तालुक्यात. तुमच्यासाठी टाळेबंदी ही पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नाही. म्हणून माझी मागणी लहान आहे. पावसाळ्याआधी जसं रेशनचं धान्य दोन-तीन महिन्यांचं भरतात, तशा या रुग्णांच्या गोळ्या जवळच्या प्राथमिक केंद्रात भरून ठेवाव्यात. ज्यांना चालतं त्यांना महिन्याचं इंजेक्शन तिथेच मिळावं. आणि गोळी संपायच्या आत घरी कुणी जायचं, हे ठरलेलं असावं. गावभर नाव न होता. यात नवीन शोध काही नाही. क्षयरोगाच्या गोळ्या आपण असंच पोचवायला शिकलो.

आणि माझ्या धंद्यापुरतं सांगतो. 'देवराई' पुन्हा बघा, जरूर बघा. पण शेष गावाहून शहरात येतो तिथे जरा थांबा आणि शेजारच्याला विचारा: हा कुठल्या गाडीनं आला? २०२० साली ती गाडी बंद होती. या पावसाळ्यात ती चालू राहील का, हे आपल्याला अजून विचारावं लागतंय.